बंद आहे की झोपलंय

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ. आणि पाठीत एक हलका धपाटा. मोठी झालीस म्हणून धपाटा बंद होत नाही.

शेजारची शिवणवाली समोर बसून हे लिहून घेतेय. तिच्या तोंडात टाचण्या आहेत, त्यामुळे आज मी एकटीच बोलतेय आणि मला फार बरं वाटतंय. टेलिफोनवर तू ओरडतेस आणि माझ्या कानात नुसत्या माश्या गुणगुणतात. तेव्हा तू आपली लिहीत जा. ती वाचून दाखवते. जिथे ती घसा खाकरते, ती ओळ मी दोनदा वाचायला लावते.

तुझ्या जोडीचे म्हातारे ड्रायव्हर निवृत्त झाले नि फुलांचा तो थंड ट्रक आता तू एकटी चालवतेस, असं कळवलंस. एकटी म्हणजे किती एकटी? जेवताना समोर कोण असतं? आणि थंडाव्याचं यंत्र म्हणे तुलाच तपासावं लागतं. ते काय असतं, मला समजेल असं लिही. इथे मी करकरत्या पंख्याखाली आणि तिकडे गुलाबांना गारवा, हा कुठला न्याय तेही लिही.

इकडे ठीक. शिवणवाली उठून गेली की घरात मी नि घड्याळ. दोघांत तेच जास्त बोलतं.

कळावे. लोभ आहेच, कमी झाला की कळवीन.
तुझी आजी

ता. १३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि. शिवणवाल्या काकूंनाही नमस्कार. टाचण्या काढून वाचा.

जेवताना समोर काच असते आणि काचेपलीकडे पुढच्या ट्रकची पाठ. गोदामाच्या फाटकाशी रांगेत आख्खी दुपार जाते. पुढचा ट्रक हलला की मला कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

यंत्र असं आहे. मागच्या पेटीच्या कपाळाला, माझ्या केबिनच्या वर, कपाटाएवढं धूड बसवलंय. त्याला स्वतःचं इंजिन, स्वतःचं डिझेल. निघण्याआधी मी शिडी लावून त्याचं दार उघडते. पट्टा सैल झालाय का, त्याला चिरा पडल्यात का, तेलपाणी पुरेसं आहे का, कुठे गळतंय का, सगळं पाहते. मग मागच्या दाराचं रबर आणि पाणी जायची नळी. खोकी छतापर्यंत रचू देत नाही. वरून वारा फिरला नाही तर काही फुलं गोठतात नि काही कोमेजतात. माल भरताना यंत्र बंद ठेवायचं, नाहीतर ते बाहेरची गरम हवाच आत ओढतं. आणि दार लावण्याआधी हाक मारायची, आत कुणी राहिलं तर कळावं म्हणून. रिकाम्या पेटीतही मी हाक मारते आणि जरा थांबते. उत्तर येणार नाही हे ठाऊक असतं, तरी थांबते.

म्हातारे म्हणायचे, पट्टा डोळ्यांनी तपास. पण मी तुझ्या हाताखाली वाढलेली. दुधाचं भांडं असो की तापलेलं कपाळ, आपल्याला हात लावल्याशिवाय पटत नाही.

पेटी पुरेशी गार झाली की यंत्र आपणहून गप्प होतं, उबदार झाली की आपणहून सुरू होतं. घरघरत असलं की सोबत वाटते.

कळावे, लोभ वाढवावा. गाडीत जागा भरपूर आहे.
तुझी भिंगरी

ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद जुनेच, पण धुऊन इस्त्री केलेले.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पट्ट्याचं शिवणवालीला लगेच कळलं, तिच्या मशीनलाही असतो. पण तिने पाय उचलला की तिचं मशीन थांबतं. तुझं आपणहून थांबतं नि आपणहून उठतं. मग मला सांग, तू त्याचं दार उघडतेस तेव्हा ते बंद आहे की नुसतं झोपलंय, हे कळतं कसं? तुझे आजोबा असे निजायचे की वाटावं, घर पडलं तरी उठायचे नाहीत. आणि मी खाऊच्या डब्याचं झाकण जरा हलवलं की डोळे न उघडता विचारायचे, काय आहे गं.

याचं उत्तर आल्याशिवाय मी दुसरं काही विचारणार नाही. जेवतेस ना? हे दुसऱ्यात धरू नकोस.

कळावे. तुझ्या वाटणीचा लोभ इथे साठत चाललाय, येऊन घेऊन जा.
तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. मी येथे खुशाल आहे. हवा बरी आहे. दिवसा ऊन असते, संध्याकाळी वारा सुटतो. गाडी दुरुस्तीला असल्यामुळे मला विश्रांती मिळाली आहे. जेवण वेळेवर मिळते. यंत्र ठीक आहे. काळजी करू नये. शिवणवाल्या काकूंना नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.
तुझी भिंगरी

ता. १७ मार्च

भिंगरे,
आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

वाचून झाल्यावर शिवणवाली कागदच न्याहाळत बसली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, अक्षर फार सुरेख आहे. म्हणजे तुझं नाही. पण अक्षराशी माझं काय देणंघेणं? मला त्याआधीच कळलं होतं. आख्खा जन्म मी दुसऱ्याच्या हाताने पत्रं पाठवली. परकं माणूस पेन धरून समोर बसलं की आतलं बोलणं घशात अडतं आणि तोंडातून हवापाणी निघतं. तुझे आजोबा कामासाठी लांब होते तेव्हा मीही त्यांना ऊन नि वारा इतका कळवलाय की त्यांना छत्री घ्यावी लागली असेल.

ज्या यंत्राचं पानभर कौतुक केलंस, ते आता नुसतं ठीक आहे? मला एकदाही चिडवलं नाहीस. वर लोभाची विनंती. माझ्याकडे तू आजवर कशाची विनंती केलीस? घेतलंस ते हिसकावून.

कुठला हात, ते आधी सांग. किती गेलं, ते मग. मला काय वाटायचं ते वाटेल, त्याचं मी बघेन. शिवणवाली डोळे पुसत विचारतेय, हे लिहू का. लिही म्हटलं.

ज्या कुणी तुझं पत्र लिहून दिलं, त्या माणसाचं भलं होवो.

आशीर्वाद. भांडण चालूच आहे.
आजी

ता. २८ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. नमस्कार डाव्या हाताने लिहिलाय, म्हणून वाकडा.

उजवा. मधल्या बोटाचं टोक गेलं. शेजारचं मोडलं होतं, ते जुळतंय. ते पत्र इस्पितळातल्या नर्सने लिहून दिलं. फार मायाळू बाई होती, म्हणूनच तिच्यासमोर रडता येईना. तुझा प्रश्नही मला तिनेच खाटेवर वाचून दाखवला. तो पोचायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सकाळी आवारात यंत्र गप्प होतं. मी ते बंद समजले. पेटी गार होती म्हणून ते फक्त थांबलं होतं, बटण चालूच. पट्टा सैल वाटला, दाबून पाहायला हात घातला आणि ते उठलं.

तर आजी, तुझं उत्तर. नुसतं पाहून कळत नाही. म्हणून बटण बंद करायचं, बॅटरीची तार सोडायची, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, मगच हात घालायचा. हे मला तोंडपाठ होतं. तरी.

साहेब म्हणाले, दहा एप्रिलला त्यांच्यासमोर सगळी तपासणी एकटीने केली तर ट्रक पुन्हा माझा. नाहीतर मला कार्यालयात खुर्चीवर बसवणार. मला खुर्ची नको. पण रोज शिडी चढते, सगळं बंद करते आणि हात दाराशीच थांबतो. काल मी मोठ्याने तुलाच विचारलं. आजी, बटण बंद? आजी, तार सोडली? आजी, किल्ली खिशात? खालून पहारेकरी बघत राहिला. कुणी हो म्हणालं नाही. मी उतरले.

कळावे. लोभ या खेपेला मागून घेतेय.
तुझी भिंगरी

ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ. दोन्ही हातांना.

रडायचं होतं ते रडून झालं, शिवणवालीचंही झालं. आता कामाचं.

तू तिथे विचारतेस ते इथवर पोचत नाही. म्हणून माझी उत्तरं आधीच पाठवतेय. शिवणवालीला मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय, शिडीवर उभं राहून वाचता येईल असं. एकेक गोष्ट कर, आपल्या डोळ्यांनी बघ, मग विचार आणि मग माझं एक उत्तर वाच. तिन्ही एका दमात वाचशील, मी तुला ओळखते, तर तसं करायचं नाही. आणि एखादी गोष्ट केलीच नसशील तर माझं उत्तर वाचू नकोस. मी इथून बघू शकत नाही, मी फक्त तुझ्या शब्दावर बोलतेय.

हो.

हो.

हो.

घाल हात.

आजी