डेटाबेस मुद्दाम पाडणाऱ्या बाई

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? (जिना चढलीस की नाही ते खरं लिही, आतोबा मला सगळं कळवतात.) मी ठणठणीत आहे, फक्त पंधरा दिवस झाले, वासलेला आ मिटत नाही.

झालं असं. आमच्या रक्तपेढीचा डेटाबेस, म्हणजे कुठली पिशवी कोणत्या फ्रिजात नि कुणासाठी हे ज्याला ठाऊक तो, गेल्या महिन्यात भरदुपारी क्रॅश झाला. पुन्हा उठायला एकेचाळीस मिनिटं लागली. तोवर ऑपरेशन थिएटरातून फोनवर फोन, तंत्रज्ञ पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत पळतायत, आणि मी, त्या डेटाबेसचा अधिकृत रखवालदार, पडद्यासमोर हात जोडून उभा! मग साहेबांनी बाहेरून एक बाई बोलावल्या. बुटक्या, चष्मा दोरीला, आवाज इतका हळू की आपणच ओशाळावं. त्यांनी आमच्या डेटाबेसची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मशीनवर चढवली, तिच्यावर दिवसभराचं काम लादलं आणि ऐन गर्दीत वीजच तोडली. मी किंचाळलो. बाईंनी घड्याळ पाहून आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा."

वीस वेळा पाडला! (एकदा मोजलेला आकडा त्या योगायोगात धरतात.) दुखणं सापडलं. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजच्या खर्ड्यात, लिहिला जातो, पण तो मूळ जागी पक्का करायचं काम आम्ही तासन्‌तास तुंबवत होतो. म्हणून उठल्यावर बिचाऱ्याला लॉग वाचून ते सगळं पुन्हा करावं लागे. ते दर मिनिटाला करायला लावलं, तर उठणं झटपट पण एरवीचं काम रडतखडत. मग दर तीन मिनिटांनी, मग दर पाच... अखेर जमलं, सव्वा मिनिटात उठू लागला. आणि आत्या, प्रत्येक वेळी बाई पिशव्यांची यादी ताडून बघत. वीज जायच्या क्षणभर आधी लॉगमध्ये उतरलेली नोंदसुद्धा जागच्या जागी! अंगावर काटा आला. बारा वर्षं ज्याच्याशेजारी बसून डबा खाल्ला, त्याची ही करामत मला ठाऊकच नव्हती.

आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. मंगळवारी हीच परीक्षा खऱ्या मशीनवर आहे (प्रत काढून, पेढीत कागद-पेन तयार ठेवून), आणि खटका मी ओढायचाय. तू तीस वर्षं थिएटरात नर्स होतीस, भलेभले डॉक्टर तुला टरकायचे. तेव्हा सकाळी फोन करून मला चांगलं खडसाव. पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. २ पत्र खिशातच राहिलं नि मंगळवार होऊन गेला. बहात्तर सेकंद! थिएटरवाल्यांना कळलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात खटका साहेबांनी ओढायचा, असं बाईंनी ठरवलंय. तेव्हा फोन त्यांना कर. कालपासून ते रजेचा अर्ज खरडतायत.