शीतलच्या पाळीचे वचन

मी, सुनंदा जीवराम सोनवणे, वय ७६, धर्म ख्रिस्ती, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर सकाळचा चहा घेऊन, डोके ठिकाणावर असताना करून ठेवत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, बुद्धीत नाही.

१. देवपूरचे राहते घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतून घेतलेले असून ते मुलगा तेजस व मुलगी शीतल यांना निम्मे निम्मे मिळावे. सोन्याच्या पाटल्या सून रेशमा हिला. तिने माझे सगळे केले आहे, तेव्हा कोणी नाक मुरडू नये.

२. रक्तदाब मोजायचे यंत्र शेजारच्या लिलाबाईंना द्यावे. तसेही त्या ते आपलेच समजतात.

३. काचेचे कपाट दीर चुडामणभाऊंना. त्यांचे पवित्र शास्त्र रेशमी रुमालात गुंडाळलेले असते आणि नाताळाखेरीज बाहेर येत नाही. त्याला शोभेलशी जागा हवी. माझे शास्त्र स्वयंपाकघरातच राहावे. त्यावरचे हळदीचे डाग पुसू नयेत.

४. आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे बसतात आणि थोरापासून धाकट्यापर्यंत पाळीपाळीने एकेक वचन वाचतात. नवीन लग्न झाले तेव्हा एकटीने रोज वाचणे मला जमत नसे. दर एक जानेवारीला पहिल्या पानापासून झपाट्याने सुरुवात करायची आणि संक्रांतीच्या सुमारास यज्ञबलींच्या नियमांत अडकून बसायचे. शेवटी वॉर्डात जे रुग्णांना बजावत होते तेच स्वतःला बजावले: चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नसते. राहिले ते राहू दिले, आजचे आज वाचले. मग सवय टिकली. नातवंडांनाही असेच शिकवावे, धाक घालू नये.

५. शीतलची मुलगी प्राची तापाने गेली. माती दिल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही वाचायला बसलो. शीतलची पाळी आली. ती म्हणाली, "आई, मनी पोर गयी तव्हय तुना देव कोठे व्हता? मी आते वाचाव नही." आणि उठून गेली.

चुडामणभाऊ तेव्हा म्हणाले, "रोज वाचती तर तिले धीर येता." हे वाक्य मी त्यांना माफ केले आहे, पण विसरलेले नाही. माझी पोर लहानपणापासून रोज वाचत होती. शास्त्र म्हणजे काही देवीची लस नव्हे, की टोचून घेतली आणि सुटलो.

त्यानंतर शीतल भुसावळहून येते, चार दिवस राहते, पण प्रार्थनेच्या वेळी भाजी निवडत स्वयंपाकघरात बसते. आम्ही तिची पाळी मोडलेली नाही. माझे वाचून झाले की एक वचन होईल इतका वेळ थांबतो, ते वचन तसेच सोडतो, मग तेजस पुढचे वाचतो. माझ्यामागेही असेच थांबावे. तिच्या वतीने कोणी वाचू नये, चुडामणभाऊंनी तर नाहीच.

६. शीतलने रोज वाचन करावे, या अटीवरच तिला घराचा हिस्सा द्यावा, असे मी मसुद्यात घातले होते. काल ती अट मी स्वतः खोडली. घर माझे होते म्हणून देते आहे. विश्वास माझ्या नावावर नाही. तिने पुन्हा वाचावे ही माझी फार इच्छा आहे, आणि ती इच्छाच राहू द्यावी.

टंकलिखित मजकूर येथे संपला. पुढचे माझ्या हातचे, अक्षर वाकडे असले तरी.

टंकलेले बारीक अक्षर मला दिसत नसल्याने हा मजकूर वाचून दाखवणे आवश्यक होते. "मी वाचस," असे शीतल म्हणाली. जिला हिस्सा मिळणार तिने वाचू नये, असे वकील जगदीश पाटील कुरकुरले. मी म्हटले, वाचू द्या. नंतर तुम्हीही वाचा. पाचव्या कलमापाशी ती थांबली. मग तिने पुढचे शेवटपर्यंत वाचले, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "संध्याकाळले मी वाचाव नही, आई. पण बससू."

वकिलांनीही सर्व वाचून दाखवले. मजकूर मला समजला व मान्य आहे. साक्षीदारांसमक्ष सही करते.

सही: सुनंदा जीवराम सोनवणे

साक्षीदार:
१. सुगंधाबाई गोपाल वाघ, देवपूर
२. जगदीश पाटील, वकील, धुळे

स्थळ: धुळे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४