पिंपाच्या झाकणाविषयी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगे टेबलाला टेकली तेवढी पोचती समजावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आणि पाण्याच्या पिंपावरचे झाकण बरे आहे ना? म्हणजे ओलीने फुगले किंवा वाकले नाही ना? सहज विचारले.

मी इकडे खुशाल आहे. कॉलेजच्या सभागृहात खुर्च्या लावायच्या, माइक सांभाळायचे, वक्त्यापुढे पाणी ठेवायचे, एवढेच काम. तुम्हाला शब्द दिल्याप्रमाणे इंजिनिअरिंगचे नाव मी पुन्हा काढलेले नाही. मात्र दर गुरुवारी आमच्याकडे ‘इंजिनिअर कसे घडवावेत’ यावर संशोधकांचे चर्चासत्र असते, त्याला माझा इलाज नाही. (चर्चासत्र म्हणजे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी “माझा प्रश्न नाही, एक छोटीशी सूचना आहे” म्हणत त्याच्याहून जास्त बोलायचे.)

गेल्या गुरुवारी घोटाळा झाला, आणि त्याचे मूळ माझ्या काळजीत. आमच्या विभागप्रमुखांना मुले ‘गुण्या’ म्हणतात, कारण तुमच्या हत्यारांच्या पेटीतल्या गुण्यासारखे ते कायम काटकोनात असतात. आदल्या सत्रात त्यांच्या हातून माइकचे बटण बंद झाले आणि नोकरीच्या संधींवर ते बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिले. (कोणाचीही तक्रार आली नाही, हे विशेष.) पुन्हा तसे होऊ नये म्हणून मी दोन्ही माइकांची बटणे चालू करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली. तीन वेढे. दुसरा वेढा पहिला सुटू नये म्हणून, तिसरा माझ्या मनःशांतीसाठी.

त्या दिवशी बाहेरून एक संशोधक बाई आल्या होत्या. पहिल्याच वर्षी शिक्षण सोडणाऱ्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला होता. पडद्यावर वाक्य आले : ‘या मुलांना विषयाची ओढ नसते.’ मी मागच्या भिंतीशी दुसरा माइक छातीशी धरून उभा होतो, शेजारी कँटीनवाला. माझ्याने राहवले नाही. त्याच्या कानाशी लागून म्हणालो, “ओढ नव्हती कशी? ड्रॉइंगच्या पेपरला हाताला घाम फुटला. रेघ काढली, पुसली, काढली, पुसली, शेवटी कागदाला भोक पडलं. भोकातून खालचा, मामांनी केलेला बोर्ड दिसला, तसा उठून बाहेर आलो.”

मामा, हे सगळे चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून ऐकू गेले. (तुम्हालाही मी हे कधी सांगितले नव्हते. आता सभागृहालाच कळले म्हटल्यावर तुमच्यापासून काय लपवायचे?) कँटीनवाला, जणू माझी त्याची ओळखच नाही, असा बाजूला सरकला. मी घाईने पट्टी सोलू लागलो, तर त्या खरवडण्याचाही आवाज सभागृहभर. तेवढ्यात गुण्यासर उठून माझ्याकडे निघाले. नोकरी गेली, असे समजून मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

त्यांनी माइक काढून घेतला आणि म्हणाले, “माझ्याही कागदाला पडलं होतं. मी मागून चिकटपट्टी लावली आणि पेपर दिला. नापास झालो ते झालोच, पण उठलो नाही.”

मग काय विचारता! माइकसाठी झोंबाझोंबी. एक सर गणितात नापास, तर दुसरे म्हणाले, “एकदाच? मी दोनदा!” एक तरुण प्राध्यापक कधीच नापास झालेला नव्हता, तो बिचारा चोरासारखा मान खाली घालून बसला. बाईंनी पडद्यावरच्या त्या वाक्यापुढे सर्वांदेखत प्रश्नचिन्ह टाकले.

नंतर मी खुर्च्या रचत असताना गुण्यासर आले.

“सोमवारपासून संध्याकाळचा वर्ग आहे. ड्रॉइंग मीच घेतो. येतोस?”

“मामांना शब्द दिलाय सर.”

“काय करतात मामा?”

“सुतारकाम.”

“मग विचार त्यांना, पहिलाच सांधा नीट बसला होता का?”

तुम्हाला असले काही विचारण्याची माझी छाती नाही, म्हणून मी विचारत नाही. सरांनी विचारले, तेवढे फक्त कळवले. बाकी माझे खुर्च्यांत उत्तम चालले आहे. मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा आज्ञाधारक (अजून तरी)
भाचा

ता. क. : हे पत्र आणणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पिंपासाठी पत्र्याचे नवे झाकण दिले आहे. “तुझ्यापेक्षा पिंपालाच याचा उपयोग होईल,” म्हणून तुम्ही माझा जो ड्रॉइंग बोर्ड पिंपावर ठेवलात, तो कृपा करून त्याच ड्रायव्हरबरोबर द्यावा. फुगला असल्यास एकदा रंधा फिरवावा. सोमवारी लागेल.

ता. क. २ : ‘इंजिनिअरिंगचे नाव पुन्हा काढलेले नाही’ हे वरचे वाक्य आता खोटे झाले आहे. खोडणार होतो, पण माझे खोडणे आता तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून ते तसेच राहू दिले आणि पुढे लिहीत गेलो.