पुढच्या रांगेतली मान

८ नोव्हेंबर २००३, शनिवार

आज मी माइक टेस्टिंगला दाद दिली!

गाण्याच्या बैठकीआधी माइकवाला सयाजी मंचावर बसून 'हॅलो हॅलो' करत होता. पन्नाशीचा माणूस, अंगात सिल्कचा झब्बा. तोंड उघडलेलं, हात वर, डोळे मिटलेले — मला वाटलं सुरू झालं. मान टाकली आणि म्हणालो, "वा." वळून बघतो तर मागच्या तीन रांगांच्या माना हलत होत्या. सयाजी लाजला. उभा राहून नमस्कार केला बिचाऱ्यानं.

कुणी हसलं नाही. उलट चहाला एक जण जवळ येऊन म्हणाले, "केरबा, माइकवाल्याच्या आवाजात खर्ज हाय की. तुमी बरूबर हेरलासा."

९ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचतंय. मला ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही. जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर कळतं, आणि कोल्हापुरात हळू बोलतंय कोण? म्हणून तर चार वर्षं निभावली. पण गाणं गेलं. तंबोरा गेला, पेटी गेली, गळा गेला. हॉलमध्ये नुसती घूं-घूं, भट्टीच्या ब्लोअरसारखी. सव्वीस वर्षं शिरोलीला फाउंड्रीत होतो. ओतकामाच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या. कानात कापूस घालायचो. कापूस काय करतोय.

डॉक्टर म्हणतात मशीन लावा. पुढच्या रांगेत बसून? गावभर होईल.

माझे वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. ठेका मला तिथनं मिळाला. राजारामपुरीतल्या या बैठकीला पहिल्यांदा गेलतो तो कामावरच्याच कपड्यांत. चपला काढतात तिथं उभा राहिलो. आत या कुणी म्हणालं नाही, मीही गेलो नाही. नऊ वर्षं तिथनंच ऐकलं. एकदा बाकीच्यांना कळायच्या आत दाद देत माझी मान खाली गेली, आणि अध्यक्ष अण्णासोंनी नेमकं ते बघितलं. "ओ पावणं, तितं काय करतायसा? फुडं या की." तेव्हापासून पुढची रांग, मधली खुर्ची.

ती मला कुणी दया म्हणून दिली नाही. कानांनी मिळवली. आता कान गेले, खुर्ची तेवढी राहिली. ती गेली की परत चपलांपाशी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी निभावतो ते गणपतरावांच्या उजव्या भुवईवर.

गणपतराव आमच्या बैठकीचे तबलजी. बहात्तर वर्षांचे. सम म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका — गाणारा कुठं कुठं फिरून परत तिथं येतो, आणि जाणकारानं मान बरोबर तिथंच टाकायची. अलीकडं नाही, पलीकडं नाही. गणपतराव एरवी डोळे खाली घालून वाजवतात. सम जवळ आली की उजवी भुवई वर. भुवई वर, की माझी मान खाली. चार वर्षांत एकदाही चुकली नाही. मागचे लोक माझी मान बघून दाद देतात. सगळं सुरळीत चाललंय.

आज धारवाडचे सोमशेखर गायले. चहा पिताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमच्याकडची सम भारी निवांत असते हो. आमच्याकडे इतकं थांबत नाहीत."

अण्णासोंनी ते लगेच हॉलभर केलं. संध्याकाळ संपेपर्यंत त्याला नाव पडलं — कोल्हापुरी लय. उद्या दोघं-तिघं ती शिकवायला क्लास काढतील.

२० नोव्हेंबर

कुकर जळला. आठ शिट्ट्या झाल्या म्हणे. मी शेजारीच बसलेलो. माझी बायको पारू जळका कुकर माझ्यापुढं आणून ठेवून गेली.

३ डिसेंबर

अण्णासो घरी आले. हातात पेढे. मला वाटलं त्यांच्या नातवाचं काहीतरी.

"केरबा, आपल्या औंदाच्या महोत्सवात तुमचा सत्कार. जाणकार श्रोता म्हणून. फेटा, शाल, सगळं. अठ्ठावीसला, रविवारी सकाळच्या सत्रात."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. आज वडील असते तर, असं म्हणालो. पारूनं चहा टाकला.

मग अण्णासो म्हणाले, "आणि एक. मागच्या लोकांची तक्रार हाय. त्यास्नी तुमची मान दिसत न्हाई. म्हणून औंदा तुमची खुर्ची स्टेजवर. लोकांकडं तोंड करून. गाणं चालू आसताना तुमी दाद द्यायची, आन् लोकांनी बघायचं."

"मला बघायचं?"

"व्हय की. श्रोता कसा आसतोय ते लोकांस्नी कळाया पायजे."

अर्धा पेढा बशीत ठेवला.

७ डिसेंबर

हॉलवर जाऊन आलो. स्टेजवर सयाजीनं खडूनं चौकोन आखून ठेवलाय — माझी खुर्ची. गणपतरावांच्या बरोबर पाठीमागं, चार फुटांवर. तिथनं मला दिसणार त्यांची मानगूट. मानगुटीला भुवई नसते.

मी म्हणालो खुर्ची जरा बाजूला घ्या. बाजूला महापौरांचा सोफा. पुढं घ्या म्हणालो. पुढं समई. मग खालीच बसतो म्हणालो, तर अण्णासो म्हणाले, "बघा, मोठी माणसं आशी नम्र आसत्यात."

आणि एक विचित्रच. गणपतरावही तिथं आलेले. माझ्यापेक्षा तेच जास्त भडकले. इतक्या मोठ्यानं ओरडले की मला लांबून सगळं ऐकू आलं. "केरबांची खुर्ची खालीच पायजे! माझ्या म्होरं! स्टेजवर काय काम?"

इतकी वर्षं एकत्र, आणि म्हाताऱ्याला माझा सत्कार बघवत नाही. फार लागलं मनाला. त्या भुवईवर मी किती जीव टाकला होता.

२७ डिसेंबर

महोत्सव कालपासून सुरू झाला. चित्रं, नाच, पोवाडा, सगळं जोरात. मी काल-आज गेलो नाही, ताप आहे म्हणून सांगितलं. उद्या तापही चालणार नाही.

संध्याकाळी निशा शेजारी येऊन बसली. माझी लेक, क्लासमध्ये गणित शिकवते. कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "आबा, मला दोन वर्षं झाली म्हायती हाय. आईला पण."

मी टीव्हीकडं बघत राहिलो.

"सांगून टाका की अण्णासोंना. कोण काय म्हणणार हाय?"

म्हणालो, म्हणणार कुणी काही नाही. मशीन आणून देतील, हात धरून बसवतील, केरबांना जागा द्या म्हणतील. मला दिलेली जागा नको.

ती रडायला लागली. मग मीही. पारूनं आतनं येऊन टीव्ही बंद केला, तरी आम्ही तिकडंच बघत बसलेलो.

२८ डिसेंबर, रविवार

झालं एकदाचं. क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला फेटा बांधला. बांधणाऱ्यानं कान पूर्ण आत घातले, म्हणजे होतं तेही गेलं. खुर्चीत बसलो. समोर सातशे माणसं, सगळ्यांची नजर माझ्या मानेवर. गाणाऱ्याकडं एकाचंही लक्ष नाही.

सोमशेखरांनी सुरू केलं. तबला सुरू झाला. मी गणपतरावांच्या मानगुटीकडं बघतोय. मानगूट काही सांगेना. मी हललो नाही. लोकही हलले नाहीत. अण्णासो पहिल्या रांगेतनं मला डोळे मोठे करून दाखवतायत.

आणि सम येईचना! सोमशेखर गोल फिरतायत, कपाळावर घाम, हातानं खुणा करतायत. गणपतरावांचे हात चाललेत, पण समेवर उतरत नाहीत. गाडी स्टँडला आली आणि कंडक्टर दार उघडेना, तसं झालं. निशा तिसऱ्या रांगेत तोंडावर पदर धरून बसलेली.

मग गणपतरावांनी वाजवता वाजवता मान फिरवली. पूर्ण मागं, माझ्याकडं. रागानं बघतायत असं वाटलं — आणि उजवी भुवई वर गेली.

माझी मान आपोआप खाली आली. धाडकन सम. सातशे माणसं "वा" म्हणाली असणार, कारण स्टेज हललं.

पुढची पस्तीस मिनिटं तेच. दर आवर्तनाला गणपतराव मान मागं वळवायचे, भुवई, माझी मान, सम. बहात्तर वर्षांचा माणूस, तोंड उत्तरेला आणि हात दक्षिणेला. शेवटी लोक उभे राहिले. महापौरांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला.

घरी येऊन फेटा न काढताच झोपलो.

२९ डिसेंबर

पेपरात आलंय — 'तबला आणि मान यांची अपूर्व जुगलबंदी.' पुढच्या वर्षी दोन खुर्च्या ठेवणार आहेत.

३१ डिसेंबर

गणपतराव आले. मान आखडलेली, गळ्याला मफलर, तेलाचा वास. मला वाटलं भांडायला आलेत. पारू आत गेल्यावर खिशातनं महोत्सवाची पत्रिका काढली, पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं, माझ्यापुढं सरकवली. ती इथंच चिकटवतो.

'माझा आवाज किती मोठा येतो ते मला कळत न्हाई म्हणून लिहितोय. सहा वर्षं झाली, ऐकू येत न्हाई. बोटं जुन्या सवयीनं चालतात, पण सम कळत न्हाई. सम जवळ आल्यागत वाटलं की नजर वर करून तुमची मान बघतो, मगच हात टाकतो. तुमचे कान हायत म्हणून माझा तबला हाय. खुर्ची हलवू देऊ नका. कुणाला सांगू नका.'

दोनदा वाचलं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि उजवी भुवई वर करून बघत राहिले.

मी लिहिलं — 'शनिवारी सहाला येतो. खुर्ची समोरच, खाली.' माझ्या कानांचं लिहिलं नाही.

त्यांनी वाचून मान टाकली.

पारू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आवं, दोघं गप का बसलायसा?"