लीलाचं आमेन

२ फेब्रुवारी १९९७, रविवार
फजिती! गुजराती मंडळीची उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये आमची मराठी उपासना — बावीस माणसं. पाळकसाहेब म्हणाले, आनंदराव, आज प्रार्थना आपण करा. उभा राहिलो. 'हे स्वर्गीय पित्या' — आणि पुढे काही नाही. बारा सेकंद, मनात मोजले. शेवटी मंडळीतल्या रामदास मास्तरांनी प्रार्थना पुरी करून बाजू सावरली. बाहेर चहाला मला, मिलच्या बॉयलरवाल्याला, म्हणतात, 'बॉयलरचं बरं असतं, बोलावं लागत नाही.' सगळे हसले. माझी बायको लीला हसली नाही. तीन वर्षांत ती हसल्याचं आठवत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
मी सातवी पास. शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलो, बॉयलरची परीक्षा पहिल्या फटक्यात काढली. मग प्रार्थनाच काय येणार नाही? सवयीचा प्रश्न आहे. पलसाण्याच्या मिलमध्ये दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी लॉगबुकात लिहितो, तसंच इथे. पहाटे ५.१० ते ५.२५, मग आंघोळ, मग कंपनीची बस. वही आखली — तारीख, सुरुवात, शेवट, शेरा. प्रार्थना आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायची. मी वाचेन, लीला मागे बसून आमेन म्हणेल.

४ फेब्रुवारी
५.१० – ५.२४. एक मिनिट कमी. लीलाने आमेन म्हटलं नाही. झोपेत असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
सहा दिवस, एकही खाडा नाही. आजारी, विधवा, मंडळी, मिलचे कामगार, देशाचे अधिकारी — सगळे क्रमाने. भाषा निर्दोष. शेवटी मी थांबतो — आणि मागून आवाज नाही! आज चर्चमध्ये रामदास मास्तरांच्या त्याच त्या पाल्हाळाला मात्र हिचं खणखणीत आमेन. शेजारी बसून मी ऐकतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
विचारलंच. चहा गाळता गाळता म्हणाली, 'साऱ्या जगाची नावं घेता. आपल्या पोरीचं घेत नाही. अशाला मी कसं आमेन म्हणू?'
मी म्हटलं, ते नाव या घरात निघणार नाही, हे तीन वर्षांपूर्वीच ठरलंय.
'तुम्ही ठरवलंत.'
प्राजक्ता. तिला गणित मी शिकवलं — आधी स्वतः शिकून, तिच्या एक धडा पुढे राहून. आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला अकरा दिवस उरले असताना नवापूरच्या गावितांच्या मुलाशी लग्न करून मोकळी! मुलगा ख्रिस्तीच, निर्व्यसनी, सगळं खरं. पण अकरा दिवस थांबता येत नव्हतं?

१७ फेब्रुवारी
५.१० – ५.२५. बरोबर पंधरा मिनिटं. आमेन नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
नवापूरहून पत्र आलं, लीलाच्या नावाने. पोरीचे दिवस भरत आलेत. लीला म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तिला घेऊन येऊ? नाही म्हटलं. वाद नाही, रडणं नाही. माळ्यावरची पेटी काढली, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांच्या घड्या घातल्या.
'मग माहेरच तिकडे घेऊन जाते.'

२७ फेब्रुवारी, गुरुवार
लीला गेली. स्टेशनवर मी गेलो नाही. ड्यूटी होती. — खरं म्हणजे सुटीचा दिवस होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
५.१० ला बसलो. कागद वाचला. आवाज अगदी लॉगबुक वाचल्यासारखा. मागे रिकामी सतरंजी. ५.१३ ला उठलो. वहीत लिहिलं ५.२५.
एकोणीस वर्षांत बॉयलरच्या लॉगबुकात खोटा आकडा लिहिलेला नाही. आणि हा लिहिला — तो कोणापुढे?

१ मार्च
खाडा.

२ मार्च, रविवार
सुरुवात ५.१०. कागद घेतला नाही. एकच नाव घेतलं, आणि पुढे काही सुचेना. बारा सेकंद नव्हे — बराच वेळ. घड्याळ पाहिलं नाही. आमेन म्हटलेलं नाही. ते म्हणणारी नवापूरला आहे. तिकडे जाणारी भुसावळची पॅसेंजर मिळेल. 'शेवट'चा रकाना रिकामा ठेवून निघतोय.