लिफ्ट चालू आहे

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पत्र मिळालं. इकडे तू काळजी करतेस तेवढं वाईट नाही, आणि मी फोनवर सांगतो तेवढं चांगलंही नाही.

रविवारी भाऊजी चार माणसं आणणार, मला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवणार आणि तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत कायमचं ठेवणार, हे वाचलं. खोलीला रंग दिलास, पलंग खिडकीशी लावलास. आईनंतर एवढे लाड तूच केलेस. पण त्या माणसांना नको म्हणून सांग. मी राहायला येत नाही.

चिडू नकोस, आधी ऐक. आमची लिफ्ट बंद नाही.

उन्हाळ्यात आठवडाभर बंद होती. मग सुरू झाली आणि मी बंदच आहे म्हणत राहिलो. नव्या पायाचं माप द्यायला का जात नाहीस? लिफ्ट. आमच्याकडे का येत नाहीस? लिफ्ट. बायकोलाही गप्प बसवलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच इमारतीत लिफ्ट महिनोन्महिने बंद, याचं तुला हसूसुद्धा आलं नाही?

खरं सांगू, दुखत काही नव्हतं. उठावंसंच वाटत नव्हतं. कामावर लिफ्टच्या खड्ड्यात पडलो, पाय गेला, तो सगळ्यांना दिसला. बाकी काय गेलं ते कुणाला दाखवणार? भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. पडलो तेव्हाच संपलो असतो तर बरं, असंही वाटायचं. हे तिला अजून बोललो नाही.

पण पलंगावरून ती लिफ्ट ऐकू यायची ना. आमच्या मजल्यावर दार उघडताना खरखरायची. दार ज्यावर सरकतं तो रोलर झिजला की असंच होतं. देखभालीचा माणूस आज बघेल, उद्या बघेल, कुणी बघेना. मंगळवारी डोकंच फिरलं. कुबड्या मागितल्या.

"कुठे निघालात?"

"त्या गाढवाने अजून रोलर बदलला नाही."

"मग जा. पण दाढी करून जा, लोक घाबरतील."

रोलर बदलला, मेन स्विच बंद करून, स्टुलावर बसून. बायकोने टॉर्च धरला. मग म्हणाली, आता खाली जाऊन या. तिथे मात्र घाम फुटला. दोनदा दार उघडलं, दोनदा लावलं. शेवटी मनात लिफ्टला म्हटलं, एक पाय घेतलास, आता आणखी काही मिळणार नाही. आणि आत शिरलो.

सगळं बरं झालंय असं समजू नकोस. काल पुन्हा दुपारपर्यंत पडून होतो. पुन्हाही पडेन. पण माझ्या घरात पडेन. सोमवारी पायाचं माप द्यायला जातोय.

रविवारी येतो, माझा मी. जेवून संध्याकाळी परत. बेल वाजली की धावत येऊन हात धरायचा नाही. दार उघड आणि बाजूला हो.

तुझा धाकटा,
मुक्काम तिसरा मजला