नंबर काढायचा न्हाई

मेढा, बुधवार, सन १९९९, दिवेलागण

लय आनंद झालाय आनि तितकाच रागबी आलाय.

नात प्रज्ञा साताऱ्याला कॉम्प्युटर शिकवते. तिनं इंटरनेटवर सातारची न् सांगलीची फोन नंबरांची पानं एकमेकांना जोडलीत, परगावचं मानूस वाटंत अडलं तर नंबर सापडावा म्हनून. मेढ्यापुढं कोनाचा टाकू, म्हनली. मी म्हनलं, आपला टाक.

आज सांगलीहून त्या पानावरनं नंबर लिवून आनलेल्या एकाचा इथल्या स्टँडवरनं फोन आला. "आवं आजी, एस्टी चुकली, संगं म्हातारी आई हाय. जीप मिळंल का?" मी शेजारच्या किसनला जीप घेऊन धाडलं.

माझा लेक सदा तापला. "आगं आये, घर हाय का चौकशीची खिडकी? नंबर काढाय सांगतो पोरीला."

का रं बाबा? आळीत ज्याच्या घरी फोन न्हाई, त्यो आमचाच नंबर देतो, पुढं पी.पी. लिवून. सोयरीक असू दे न्हाईतर मयत, दारोदार निरोप मीच सांगते. मग वाटसरूंची पी.पी. झाले तर काय बिघडलं?

त्याला काय ठावं. मी ल्हान असताना आमच्या वस्तीत वाटसरू पान्यालाबी थांबत नव्हता, विटाळ व्हायचा त्याला. आज सांगलीची म्हातारी जाता जाता जीप थांबवून दारात आली. तांब्याभर पानी प्याली, वर आनखी मागितलं.

सदाला म्हनलं, नंबर काढायचा तर आदी मला घरातनं काढ.

त्यो जेवाय बसलाय, नंबर हाय तिथंच हाय. मी फोनपाशी बसून लिवतेय.